फुंक्याची उसनी छाती

लाउडस्पीकर मोठ्यानं बोलला म्हणजे त्यामागचा माणूस धडधाकट, हे तुम्हाला कोणत्या शाळेत शिकवलं?

फुंक्याचं ऐका, मग सांगा. बावीस वर्षं तो ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या खात्यात होता. लोखंडाच्या ओतीव भागांवर नळीनं वाळूचा मारा करायचा आणि पापुद्रे उडवायचे. उडालेल्या वाळूचं पीठ व्हायचं आणि ते छातीत जायचं. तोंडाला बांधायला फडकं मिळायचं. त्या फडक्याला कंपनीच्या कागदावर ‘संरक्षक साधन’ म्हणतात. पंचेचाळिशीला फुंक्या एक जिना चढला की कठड्याला लटकायला लागला.

फुंक्या हे नाव सोबत्यांनी ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत तो माउथ ऑर्गनवर ब्लूज वाजवायचा. राबून राबून पिचलेल्या काळ्या माणसांचं ते संगीत, रडता रडता शिवी हासडणारं. पण त्यातला लांब सूर श्वास आत ओढून काढावा लागतो, आणि ओढला की खोकल्याची उबळ. वाजवणं सुटलं तसा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून पडायला लागला.

शेवटी तो रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेला. लहानपणचा दोस्त, जिभेला हाड नाही.

“मेल्या, तुला डॉक्टर पाहिजे. इथं कशाला कडमडलास?”

“डॉक्टर छाती देत नाही. तू देतोस का बघ.”

दुरुस्तीवाल्यानं आधी नवाकोरा स्टेजचा माइक लावला. तो निघाला पक्का चहाडखोर. सूर राहिला बाजूला, फुंक्याच्या छातीतली घरघरच दुकानभर झाली. मग भंगारातून टॅक्सीवाल्यांना वायरलेसवर हाका मारायचा जुना माइक आला, मुठीएवढा, जाळीला गंज धरलेला. फुंक्यानं माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही ओंजळीत असे आवळले की मधून वारा जायला फट नाही. आवाज जाडाभरडा झाला आणि घरघर त्या खरखरीत बुडाली.

स्पीकरवर मात्र आठवडा गेला. बारा इंची मोठा लावला, तर तो ढिम्म. त्याला हलवायला दांडगा अँप्लिफायर पाहिजे, आणि आवाज वाढवला की माइक शिट्टी घालायचा. मग दुरुस्तीवाल्यानं जुन्या रेडिओंमधले पातळ कागदी पडद्याचे दोन आठ इंची स्पीकर काढले आणि एका खोक्यात बसवले. एकाचा कागद कडेला फाटलेला, त्याला डिंकाचं ठिगळ. छोट्या अँप्लिफायरनंच ते फाटायच्या बेताला यायचे आणि असे गुरगुरायचे, की नुसत्या कुजबुजीएवढ्या फुंकीला बैलाचा हंबरडा व्हावा.

“ही उसनी छाती,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आपटू नकोस.”

कामगार क्लबच्या हॉलमध्ये फुंक्या खुर्चीत बसून तीन गाणी वाजवून उठला. म्हणजे, उठवला गेला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बायकोनं मोबाइलवर सगळं टिपलं. तिची जाऊ वर्षभर तिला सुनावत होती, “आमच्या भावजींचं काय, आज आहेत उद्या नाहीत.” बायकोनं त्याच रात्री व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजारी म्हणता ना ह्यांना? ऐका आता!’

जावेचा भाऊ कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता.

तीन आठवड्यांनी मेडिकल बोर्ड बसलं. फुंक्याला एकच शिक्का हवा होता, ‘धुळीत काम करण्यास अपात्र’. तो मिळाला असता तर त्याला गेटवर बसवणार होते. छातीचा फोटो टेबलावर होता. कंपनीच्या डॉक्टरनं तो बाजूला सारला आणि मोबाइल पुढं केला. खोलीत बैल हंबरला.

“हे फुप्फुस निकामी झालेल्या माणसाचं वाजवणं?”

“साहेब, ते माइकचं काम आहे. स्पीकर जुने आहेत, जरा फुंकलं तरी...”

“म्हणजे स्पीकरला छाती आहे?” डॉक्टर हसला, म्हणून बोर्डातले बाकीचे दोघंही हसले. “आणि हे कुणी लिहिलंय? ‘आजारी म्हणता ना ह्यांना?’ तुमच्या मिसेसच ना या?”

बाहेरच्या बाकावर बायको बसली होती. दार उघडंच होतं.

फुंक्यानं खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि नुसताच वाजवला. डासानं गुणगुणावं तसा सूर निघाला, अर्ध्यात तुटला, आणि खोकला थांबेना. कुणी पाणी दिलं नाही. डॉक्टर म्हणाला, “नाटकात गेला असतात तर नाव काढलं असतं.” आणि शिक्का मारला. पात्र.

घरी जाताना बायको म्हणाली, “अहो, मी फक्त तिचं तोंड बंद करायला...”

“केलंस की,” फुंक्या म्हणाला. जिन्यात तो चार वेळा थांबला. तिनं हात पुढं केला, त्यानं तो धरला नाही.

सोमवारपासून तो पुन्हा वाळूच्या खात्यात आहे. जावेनं ग्रुपवर अंगठा दाखवलाय.

त्या शिक्क्याविरुद्ध त्यानं अपील केलंय, तारीख पुढच्या महिन्यात आहे. व्हिडिओ तिसरं गाणं संपताच थांबतो. त्यानंतरचं त्यात नाही. ते फक्त हॉलमध्ये बसलेल्यांनी पाहिलंय. दोघांनी काखेत धरून त्याला स्टेजच्या तीन पायऱ्या उतरवलं, ओठ निळे पडले होते, आणि पाऊण तास त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तुम्ही तिथं होतात ना? मग एक कागद घ्या, जे पाहिलंत तेवढंच लिहा, खाली सही करा आणि तारखेच्या आत त्याच्या बायकोच्या हातात नेऊन द्या.