मोठा टर्बो
जळक्या ऑइलचा वास आला की रिसोडचं ते गॅरेज आठवतं. दादाच्या पिकअपचा टर्बो, इंजिनाला जोर देणारा भाग, गेला होता. मिस्त्रीने दोन टर्बो समोर ठेवले. "रोज माल वाहाची गाडी हाय, लहानच घ्या. मोठ्यात ताकद जास्त, पण जोर उशिरा येते." दादाने लहान उचललाही होता, तरी सवयीने माझ्याकडे वळला. "तू शिकेल हायेस, तूच सांग." मोबाइलवर पाहिलेल्या दोन व्हिडिओंच्या भरवशावर मी म्हणालो, "मोठाच बसव." त्याने हातातला लहान खाली ठेवला. पंधरा दिवसांनी शेलूबाजारजवळ भरल्या गाडीने ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून बस आली आणि जोर उशिरा आला. दादा जागीच गेला. घरात काही घ्यायचं असलं की वहिनी अजून मलाच विचारते, "भाऊजी, तुमी शिकेल हाय, तुमीच सांगा."