तोंड बघून पट्टी

टेपचं एक टोक चेअरमनसाहेबांच्या माळ्यानं धरलं होतं, दुसरं मी. मध्ये त्यांच्या बंगल्याचं फाटक. फूट-इंच वाचून मी वहीत लिहिले आणि टेप गुंडाळायला लागलो.

माळी कुरवंड्याचा होता. तो टोक सोडेना. "आन ह्ये?" म्हणत त्यानं कंपाउंडकडे मान केली. कंपाउंड फाटकापासून निघून ओढ्यापर्यंत जात होतं आणि तिथून वळून दिसेनासं होत होतं. आत झाडी, झाडीच्या मागं कुठंतरी बंगला.

"ते मोजायचं नाही."

"मंग शेट फाटकातच ऱ्हात्यात व्हय?"

मी टेपचं टोक त्याच्या हातातून सोडवून घेतलं. नियम मीच लिहिला होता. त्याला समजावून सांगायला गेलो असतो तर मलाही तो ऐकावा लागला असता.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका अंगाला, तुंगार्लीच्या वाटेवर, रस्ते आणि रस्त्यावरचे दिवे बघणारी एक लहानशी कमिटी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण चूक तिच्यापेक्षा माझी जास्त. मी तिचा ओव्हरसिअर. म्हणजे गटार तुंबलं तरी मला हाक आणि सभेचा मसुदा लिहायचा असला तरी मलाच. नोकरी टेंपररी. दर वर्षअखेरीला ती राहते की जाते हे सभेत ठरायचं आणि मी बाहेर बाकावर बसून दाराकडे बघत राहायचो.

त्या साली घासलेटचे कंदील जाऊन विजेचे खांब यायचे होते. खर्च वाढणार, म्हणून दिवाबत्ती पट्टी वाढणार. दिवाबत्ती पट्टी म्हणजे रस्त्यावरच्या उजेडाचा कर. तोवर ती घरटी होती, दर घराला सारखी. उन्हाळ्यात आणि नाताळात चार दिवस उघडणाऱ्या दहा खोल्यांच्या बंगल्याला जेवढी, तेवढीच दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या तिकीट क्लार्कला. मी तेव्हा तरुण होतो. अन्याय दिसला की मला झोप यायची नाही. आता येते.

मी करसुधारणेचा प्रस्ताव लिहिला. करांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुण्याहून आणून मी अर्धं वाचलं होतं आणि अर्ध्या वाचनाचा जोर फार असतो. प्रस्ताव एका ओळीचा होता: ज्या घराचं जेवढं तोंड रस्त्याला लागून, तेवढी त्या घराला पट्टी. बंगल्यांची आवारं रस्त्यानं फर्लांगभर पसरलेली, तेव्हा बंगलेवाले जास्त भरतील आणि लहान घरं सुटतील. 'तोंड' हा शब्द मला फारच आवडला. सोपा, घरगुती, कुणालाही कळणारा. त्यात कंपाउंड आलंच, असं मी धरून चाललो. शेवटी शोभेसाठी आणखी एक वाक्य घातलं: 'दिव्यांचा लाभही तोंडाच्या प्रमाणात देण्यात येईल.' ते वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी विसरलो होतो.

चेअरमनसाहेब मुंबईचे कापडाचे व्यापारी. बोलणं गोड. सभेत त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. बाकावरच्या माणसाला कपबशीतला चहा मिळाला की त्याचं काय होतं, ते तेव्हा मला कळलं.

"उत्तम प्रस्ताव," साहेब म्हणाले. "गरिबांचा विचार केला आहे तुम्ही. फक्त एक शंका. आमचा बंगला काही रस्त्याला लागत नाही. लागतं ते फाटक. आत बाग आहे, आणि बाग म्हणजे घर नव्हे. तेव्हा तोंड म्हणजे फाटकच ना, ओव्हरसिअर?"

कमिटीत बाजारातले दोन दुकानदार होते. ते कपात बघत होते. टेबलावरच्या कागदावर पुढचा विषय मला उलटा दिसत होता: ओव्हरसिअरची जागा कायम करणे.

"होय साहेब," मी म्हणालो.

खरं उत्तर मला येत होतं. घरी जाताना ओढ्याच्या पुलावर मी ते पूर्ण म्हटलं. फार छान झालं.

घर म्हणजे दगडूभाऊ शेलारांचं घर. त्यांच्याकडे मी पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि जेवायचोही तिथंच. दगडूभाऊ मूळचे आंबीचे. मालगाडीवर गार्ड. घाट उतरून-चढून आयुष्य गेलेलं, रिटायर व्हायला थोडंच राहिलेलं. मुलगी कमल फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झाली होती. येत्या जूनमध्ये तिला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घालायचं आणि मास्तरीण करायचं, हे घरात ठरलेलं होतं. आंबीच्या भावकीनं नावं ठेवली होती. मावशी, म्हणजे दगडूभाऊंच्या पत्नी, त्यांना पुरून उरल्या होत्या.

घर मात्र कोपऱ्यावर होतं. समोर रस्ता, डावीकडे गल्ली, मागं तळ्याकडे जाणारी वाट. आणि भिंती तिन्हीकडे रस्त्याला चिकटून, कारण कंपाउंड घालायला जागाच नव्हती.

मी टेप धरला, दुसरं टोक कमलनं. दगडूभाऊ ओट्यावर बसून बघत होते.

"झालं का?"

"अजून दोन बाजू आहेत, भाऊ."

"दोन कशापायी? दार तर हितं हाय."

"नियमाप्रमाणे रस्त्याला लागलेली प्रत्येक बाजू म्हणजे तोंड. तुमच्या घराला तीन तोंडं आहेत."

"म्हंजी आमी दत्त झालो म्हना की!" दगडूभाऊ हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "पर ओव्हरशेर, दत्ताला लोक देत्यात. त्याच्याकडनं मागत न्हाईत."

कमल म्हणाली, "दादा, एक बाजू पाठ म्हणून लिहा ना. घराला पाठ नसते का?"

मी लिहिली नाही. नियम म्हणजे नियम, असं मी तिला सांगितलं. तसं सांगताना मला स्वतःबद्दल आदर वाटला, हे कबूल करायला आज लाज वाटते.

बिलं निघाली. तिकीट क्लार्क, शाळामास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, ज्यांची घरं रस्त्याला खेटून, त्या सगळ्यांची पट्टी वाढली. बंगल्यांची पूर्वीपेक्षा उतरली. फाटकं ती केवढी असणार! आमच्या भागातली सगळ्यांत मोठी पट्टी एका मालगाडीच्या गार्डला बसली. त्याच दिवशी मी कायम झाल्याची ऑर्डर आली आणि मावशींनी पुरणपोळ्या केल्या. एका हातानं त्यांनी मला तूप वाढलं, दुसऱ्या हातात बिल होतं. "वाचून तर दावा, काय लिवलंय," त्या म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. खाली सही माझीच होती.

चार दिवसांनी दगडूभाऊ माझ्या खोलीत आले. कॉटवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"ओव्हरशेर, राग मानू नगा. ही खोली सायकलवाल्याला द्यावी म्हनतो. त्यो जादा देतोय. तुमी आपलं दुसरीकडं बगा."

"आणि कमलचं?"

"ऱ्हाऊ दे ह्या साली. रिटायर होताना घरावर बोजा नगं. पुढल्या साली बगू."

मावळातल्या मुलींच्या बाबतीत ते 'पुढल्या साली' मी बरंच ऐकलं होतं. पुढल्या साली स्थळ येतं. भिंतीपलीकडे मावशी भांडी घासत होत्या आणि भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेलो. साहेबांपुढं उभा राहून म्हणालो, "साहेब, तोंड या शब्दाचा अर्थ लावण्यात चूक झाली आहे."

"कोणाची?"

"माझी."

"सभेत तर तुम्ही होय म्हणालात."

"तेव्हाच चुकलो."

साहेब शांतपणे म्हणाले, "मग आता दुरुस्त काय करायचं? चूक की ओव्हरसिअर?"

मी चहा घेतला आणि परत आलो. कायम झालेल्या माणसाला नोकरी जाण्याची भीती टेंपररी माणसाहून जास्त असते. ही माहिती मला तिथं मिळाली. त्याच आठवड्यात मी ट्रंक उचलली आणि बाजारामागं एक अंधारी खोली घेतली. दगडूभाऊ समोरून दिसले की मी गल्ली बदलायचो.

मी जे करायला हवं होतं, ते दगडूभाऊंनी केलं. रेल्वेचा गार्ड नियमांच्या पुस्तकावर जगतो. त्यांनी कमलकडून कमिटीची छापील नोटीस अक्षर न अक्षर वाचून घेतली आणि माझ्या शोभेच्या वाक्यावर बोट ठेवलं. मग गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन अर्ज आणला: आमची तोंडं मोठी, तेव्हा खांब आमच्या दारात रोवा.

सभेत चेअरमनसाहेब म्हणाले, "अहो, खांब मोजकेच आहेत. बंगल्यांचा रस्ता काय अंधारात ठेवायचा?"

"अंधारात कशापायी, साहेब?" दगडूभाऊ हात जोडून म्हणाले. "तुमच्या फाटकाच्या मापानं जेवढा उजेड येतो तेवढा घ्या की. येक कंदील लय झाला."

दुकानदार सभासद खोकण्याच्या निमित्तानं हसले. खांब गल्लीत आणि बाजारात आले तर ते त्यांनाही हवेच होते. त्यांचीही तोंडं मोठीच होती. नियम छापलेला, वर मंजुरीचा शिक्का. मतं पडली आणि खांब तोंडं बघून लागले. शेलारांच्या कोपऱ्यावर असा लखलखाट झाला की मावशी रात्री ओट्यावर तांदूळ निवडायला लागल्या. बंगल्यांच्या रस्त्यावर ओढ्यापर्यंत काळोख.

नाताळात साहेबांकडे मुंबईचे पाहुणे आले. त्यांची मोटार त्या काळोखात फाटक शोधता शोधता गटारात गेली. माणसं सुखरूप होती. एका बाईंच्या साडीचं मात्र जे झालं, त्यावर त्या बंगल्यावर पोचेपर्यंत बोलत होत्या. गटार माझ्याच हाताखाली बांधलेलं. भक्कम होतं.

पुढच्या सभेत मला पुन्हा आत बोलावलं. खुर्ची, चहा.

"ओव्हरसिअर," साहेब म्हणाले, "तोंड म्हणजे आवाराचं तोंड, कंपाउंडसकट. आणि एका घराला तोंड एकच, जिकडे दार असेल ते. हे खरं तर उघडच आहे, नाही का?"

"होय साहेब," मी म्हणालो.

तेच दोन शब्द, तोच आवाज, बहुधा कपही तोच. पहिल्यांदा त्या शब्दांनी गल्लीची पट्टी वाढली, दुसऱ्यांदा उतरली. माझा कणा दोन्ही वेळा सारखाच वाकलेला होता. बंगल्यांना कंपाउंडप्रमाणे बिलं गेली आणि फाटकांसमोर नवे खांब आले. शेलारांनी जास्तीची भरलेली पट्टी पुढच्या बिलात वळती झाली. जूनमध्ये कमल पुण्याला गेली. सभेत नवा नियम कसा झाला, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बाजारात दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

कमल गेली त्या दिवशी मी स्टेशनवर लांब, पार्सल ऑफिसच्या आडोशाला उभा होतो. गाडी हलल्यावर दगडूभाऊ सरळ माझ्याकडे आले. सभेतलं माझं पहिलं 'होय साहेब' कमिटीच्या शिपायानं त्यांना केव्हाच सांगितलेलं होतं.

"काय ओव्हरशेर, सात-आट म्हैनं झालं, कुटं दिसत न्हाई."

मी खाली बघत राहिलो.

"आता तोंड लपवू नगा," ते म्हणाले. "त्याच्यावर पट्टी न्हाई. जेवायला चला."

जेवायला गेलो. माझ्या खोलीत सायकलवाला पंक्चर काढत होता. त्यानं ती कधीच सोडली नाही आणि मी बाजारामागंच राहिलो. तिथल्या माझ्या खोलीसमोर आजही दिवा नाही. पेपरात श्रीमंतांवर कर बसवणारी नवी सुधारणा येणार असं वाचलं की मी कोणावर किती टक्के ते बघत नाही. आधी शब्दांच्या व्याख्या वाचतो, आणि त्या लिहिणारा टेंपररी होता की कायम, याची चौकशी करतो.