अंगावरचं लोखंड

उल्हासनगरात एमआरआय नवीन आलं होतं, तेव्हा सततच्या डोकेदुखीपायी मेंदूचा फोटो काढायला मी अंबरनाथहून एकटीच गेले. मनात गाठीची धास्ती. तिथल्या मावशींनी साडी बदलायला गाऊन दिला आणि विचारलं, "अंगावर लोखंड?"

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी माझ्या बांगडीतून एक, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून दोन आणि अंबाड्यातून एक सेफ्टी पिन काढली.

"ताई, मशीनला खोटं चालतं, लोखंड नाही."

तपासणी झाल्यावर साडी नेसताना मी हळूच विचारलं, "काही दिसलं का हो?"

माझ्या पदराला पिन लावत त्या म्हणाल्या, "जिला पदराची एवढी काळजी, तिच्या डोक्याला काय धाड भरलीय?"

दोन दिवसांनी रिपोर्टनं तेच इंग्रजीत, दोन पानं भरून सांगितलं.