हातावरचं पाणी

"हे हात मला लावू नकोस."

रिसॉर्टातला पाहुणा तो, मालिशच्या टेबलावर पालथा पडलेला. कमरेला टॉवेल. मी तेल घेऊन त्याच्या पाठीवर पहिला हात ठेवला, तशी त्याने मान वळवून माझे हात बघितले. पन्नास वर्षं समुद्रातून रापणीच्या जाळ्याचा दोर ओढलेले हात. बोटांना चिरा, तळव्यांना घट्टे. त्याने रिसॉर्टच्या मॅनेजरीणबाईला हाक मारली. ती आमच्याच भागातली, कसालची. मला कामावर घेतलं तिनेच.

ती माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबानू, पावण्यांका तुमचे हात टोचतत. ह्ये घाला."

निळे रबरी हातमोजे. संडास धुणाऱ्या बायांच्या खोक्यातले. ते खोकं मी रोज बघायचो.

मी घातले. हे सांगताना तोंडात घाण येते. पण घातले.

मग त्याने जंतुनाशकाच्या फवाऱ्याची बाटली पुढे केली. माझा उघडा हात जिथे लागला होता तिथे मारायला सांगितलं. मीच मारलं. मीच पुसलं.

माझा बाप आमच्या गावात, तोंडवलीत, दुखणी चोळायचा. मुरगळलेला पाय, लचकलेली कंबर, धरलेली मान. कोणाचंही. पैसा नाही. रीत एकच. चोळून झालं की दुखणेकऱ्याने नाहीतर त्याच्या घरच्याने तांब्याने बापाच्या हातावर ऊन पाणी घालायचं. बापाने आपले हात आपण धुवायचे नाहीत. खोतसुद्धा तांब्या घेऊन वाकला होता, मी बघितलंय. आणि बापाने कोणाला परत पाठवलं नाही. कधीच नाही.

मी तिसरी शिकलेला. बापाचं काम अंगात होतं, पण पोट भरलं ते रापणीवर. दोर ओढवेना झाला तेव्हा, सदुसष्टाव्या वर्षी, रिसॉर्टात नोकरी धरली. पंधरा दिवस एका शहरातल्या पोरीने रबरी बाहुल्यावर मालिश शिकवलं. मग छातीला पाटी मिळाली. थेरपिस्ट. एकेक अक्षर लावून वाचली. बाजारातसुद्धा लावून फिरलो. खोटं कशाला बोलू.

तो माणूस दहा दिवसांसाठी आला होता. रोज यायचा. मी रोज मोजे घालायचो. मग बाकीच्या पाहुण्यांनाही मोजेच. रबरातून शीर लागत नाही. गाठ कुठे आहे कळत नाही. हाताखाली माणूस आहे की हवा भरलेली ट्यूब, तेही कळत नाही. मी नुसतं तेल फिरवायचो आणि ते डोळे मिटून वा वा म्हणायचे. शिसारी यायची. त्यांची, आणि माझीही.

घरी आलो की टाचा घासायच्या वजरीने तळवे घासायचो. रक्त येईपर्यंत. एका संध्याकाळी बायकोचा गुडघा चोळायला बसलो आणि हात आपसूक पाठीमागे गेले. तिने बघितलं.

"हात कित्याक लपयतास?"

त्या माणसाची किळस मी माझ्या घरात आणली होती. माझ्या बायकोपर्यंत. उठलो, पाटी आणि खिशातले मोजे चुलीत घातले. रबराची घाण दोन दिवस घरात होती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. दुपारी मॅनेजरीणबाई त्यालाच घेऊन माझ्या पडवीत आली. खडकावर घसरला होता. घोटा टम्म सुजलेला. मी जवळून बघितला. हाड शाबूत होतं, शीर चढलेली. माझं काम होतं ते.

बायकोला ऊन पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. त्याच्यापुढे ठेवला.

"उघड्या हातांनी चोळतो. झाल्यावर हे पाणी माझ्या हातावर तुम्ही घालायचं."

तो हसला. एवढं दुखत असताना हसला. मॅनेजरीणबाईला म्हणाला, "तू घाल. तुम्हा लोकांचं तुम्हाला चालतं."

तिने तांब्याला हात घातला. मी तांब्या तसाच धरून ठेवला.

"माजे हात तुका टोचूक नाय, बाय. ह्येका टोचले. घालतलो तर ह्योच."

तो उठला. तिच्या खांद्यावर भार टाकून, कण्हत, शिव्या देत गाडीपर्यंत गेला. मी बघत उभा राहिलो. पाणी निवलं.

"दुखणेकऱ्याक परत धाडलात?" बायको म्हणाली.

होय. धाडला. बापाने कधी धाडला नव्हता. बाप असता तर मला शिव्या घातल्या असत्या, आणि मी त्या मुकाट ऐकल्या असत्या. पण बापाला कोणी संडासाचे मोजे दिले नव्हते.

आता पडवीत तांब्या भरूनच ठेवलेला असतो. दुखणं घेऊन कोणीही यावं. जो तांब्या उचलणार नाही, तो कण्हत आला तसा कण्हत जाईल.