आधी हात, मग पाय

सातारा आणि सांगलीच्या दवाखान्यांत मी नर्सेसना स्पर्श शिकवते. असं सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या नर्सचा हात रुग्णाला लागतो तो सुई टोचायला, नाडी बघायला, नाहीतर कूस बदलायला. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवायला वेळ नसतो. वेळ मिळालाच, तर कसा फिरवायचा ते माहीत नसतं. आमच्या भागात मालीश म्हणजे रगडणं. तालमीतली असो की बाळंतिणीची, जोर लागल्याशिवाय ती झाल्यासारखी वाटत नाही. कॅन्सर हाडात उतरलेला असेल, तर तेवढ्या जोरानं हाड मोडेल. म्हणून मी त्यांना आधी एकमेकींच्या हातांना तेल लावायला लावते आणि सांगते, कणीक मळायची नाही, पोळीला तूप लावायचंय.

सांगलीच्या एका तुकडीत म्हसवडची नर्स होती. उंच, मोठ्या हातांची, बोलायला फटकळ. वॉर्डच्या सिस्टरनी मला बजावलं होतं, "हिला पेशंट देऊ नका मॅडम, हात जड आहे." मी दिला. जड हात हलका करता येतो, घाबरलेल्या हाताचं काही करता येत नाही.

पेशंट म्हणजे तासगावकडचे द्राक्षबागायतदार आजोबा. रोग उजव्या खांद्यात उतरलेला. औषधानं कळ दबायची, पण अंग आखडलेलंच राहायचं आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्यांची बायको येईल त्याला एकच सांगायची, "ह्यांना जरा झोप लागंल असं करा की कायतरी."

मी शिकवलं होतं तसं तिनं पावलांपासून सुरू केलं. पाय दुखऱ्या खांद्यापासून लांब, शिवाय कपडे बाजूला करावे लागत नाहीत. पुस्तकातही तसंच आहे. तिनं पावलाला हात लावला मात्र, आजोबांनी तो दुखरा उजवा हात पांघरुणातून वर काढला.

"सुखी ऱ्हा, पोरी," म्हणाले आणि कळ आली म्हणून ओठ आवळले.

तिनं हात मागं घेतला. जरा थांबून पुन्हा लावला. पुन्हा आजोबांचा हात वर. मागं उभ्या असलेल्या पोरी खुसखुसल्या.

"आवं आजोबा, एकदा दिला की आशीर्वाद. लय झाला."

"तू पायाला हात लावणार आन् मी हात उचलू नको? मग मी मोठा कशाचा?"

मी पुढं होणार होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाय नीट झाकले, स्टूल उचललं आणि पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

"ह्यो हात द्या."

"डावा हाय गं त्यो."

"म्हणून तर मागितला. ह्याला आशीर्वाद द्यायचं काम न्हाई. बसून खातोय नुसता."

"बसून? आगं, द्राक्षाचा घड ह्योच धरायचा. कात्री उजव्यात."

"मग आता कुणीतरी त्याला धरू दे."

आजोबा हसले आणि हात दिला. तिनं तो आधी नुसताच दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत अंगठा फिरवू लागली. मोठ्या हाताचा फायदा असा, की त्यांचा सगळा पंजा त्यात मावला. आजोबा घडांची विरळणी कशी करायची ते सांगत राहिले. मग शब्द लांब लांब पडू लागले. इतके दिवस कानाशी ओढलेला उजवा खांदा खाली आला.

"झोपलं?" बायकोनं नुसते ओठ हलवून विचारलं. नर्सनं मान डोलावली. दारात उभ्या असलेल्या सिस्टरनी खडखडत येणारी औषधाची ट्रॉली बाहेरच थांबवली.

तेव्हापासून वडीलधाऱ्या पेशंटला आधी हात आणि मग, विचारून, पाय, असंच मी शिकवते. साताऱ्यात एकीनं विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे. मी सांगितलं, पुस्तकात नाही, हे म्हसवडच्या एका पोरीनं सांगलीत शोधून काढलंय.

त्या दुपारी चहा आला तेव्हाही तिचे दोन्ही हात अडकलेले होते. काढले असते तर आजोबा जागे झाले असते. मी माझ्या पोरांचेही कधी असे लाड केलेले नाहीत, पण तो चहा मी बशीत ओतला, फुंकला आणि बशी तिच्या ओठांना लावली.