सुटं लोह आणि लाल गोळ्या

"किडनीला मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "अक्यूट किडनी इंज्युरी." म्हणजे किडनीचं काम अचानक थांबणं. मला वाटलं, याडी कुठं पडली की काय. याडी म्हणजे माझी आई. आम्ही फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यातले.

पडली नव्हती. दोन दिवस जुलाब-उलट्या चालू असताना ती कापूस वेचायला गेली आणि तासातच बेशुद्ध झाली. यवतमाळच्या दवाखान्यात आणलं तेव्हा बीपी लागतच नव्हतं.

सलाईननं बीपी वर आलं, पण लघवीची पिशवी रिकामीच. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, रोज वाढत होतं. डायलिसिस लागेल, म्हणजे मशीननं रक्त गाळावं लागेल, असं डॉक्टर बोलले.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम. रिपोर्ट मीच वाचायची. हिमोग्लोबिन कमी दिसलं. रक्त कमी म्हणून लघवी कमी, असं मी माझ्याच मनानं ठरवलं. वहिनीला बाळंतपणात आरोग्य खात्याच्या आशाताईनं दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या घरी उरल्या होत्या, त्या भावाकडून मागवल्या. सिस्टरची पाठ फिरली की एक द्यायची.

"डाक्टरले इचारलं काय?" याडीनं विचारलं.

"मले समजते ना थे. गिळ तू."

"शिकली म्हून तुलेच समजते," ती म्हणाली, आणि गिळली.

तिसऱ्या दिवशी तिला काळीकुट्ट संडास झाली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "पोटात रक्तस्राव असेल. एंडोस्कोपी करू, तोंडातून दुर्बीण घालावी लागेल. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करावं लागतं, म्हणून तेही आता जोखमीचं." सहीचा कागद समोर आला.

लोहाच्या गोळीनं संडास काळी होते, हे वहिनीनं मला कधीच सांगितलं होतं. पेन हातात धरून मी उभी. सांगितलं तर सगळ्या वॉर्डासमोर लाज, नाही सांगितलं तर याडीच्या घशात नळी. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "बीपी पडलं तेव्हा किडनीला रक्त मिळालं नाही," ते म्हणाले. "रक्त परत आलं की पेशीत जपून ठेवलेलं लोह सुटं होतं. ते सुटं लोह आलेल्या ऑक्सिजनसोबत पेशी जाळतं. तिथं आधीच आग आहे, ताई, आणि तुम्ही वरून लोह देताय."

"माझ्यामुळं वाढलं का?"

"इतक्याशा गोळ्यांनी वाढलं असं म्हणता येत नाही. नाही वाढलं असंही म्हणता येत नाही."

संडासच्या तपासणीत रक्त निघालं नाही. दुर्बीण टळली. डायलिसिस मात्र दोनदा झालं. तिसरं व्हायचं होतं त्या सकाळी पिशवीत बोटभर लघवी दिसली. सिस्टरनं मला हात धरून नेऊन दाखवली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या माणसावर अशी वेळ आली, तर घरून दिलेली गोळी असो की काढा, डॉक्टरांना आधी सांगा.

क्रिएटिनिन आता जवळपास नॉर्मलवर उतरलंय. माझ्या गोळ्यांनी किती जाळलं, हे कधीच कळणार नाही. याडीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मला अजून जेवण जात नाही. शिकल्याचा अभिमान आहेच, पण "मला हे समजत नाही" एवढं वाक्य म्हणायला मला याडीच्या किडनीपर्यंत जावं लागलं.