दोन माणसांचा तंबू

तंबू घ्यायचा तर दोन माणसांचाच, हे मी दुकानाच्या पायरीवरच नवऱ्याला बजावलं होतं. दादरला ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. एवढंसंच, पण आत शिरलं की बाहेर पडवत नाही. छताला बॅगा लटकलेल्या, भिंतीवर दोऱ्या, टॉर्च, घडीच्या खुर्च्या. नवरा जत्रेत आलेल्या पोरासारखा बघत सुटला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन माणसांचा म्हणजे नुसतं लिहिलेलं असतं. सामान आत ठेवलंत तर एकच माणूस मावतो. तिघांचा घ्या, ऐसपैस होईल." नवऱ्याची मान लगेच डोलायला लागली. मी त्याच्याकडे असं बघितलं की मान जागच्या जागी थांबली.

"दोघांचाच दाखवा," मी म्हटलं. "तिसऱ्याला जागाच नकोय."

आता कारण सांगते, त्यात लाजायचं काय? आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, अशी आठ माणसं. लग्नाला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी आणि माझा नवरा, फक्त आम्ही दोघं, एका छपराखाली अख्खी रात्र कधी राहिलो नाही. मग मुलगी कशी झाली असं विचारू नका, दुपार म्हणून पण काही असतं. पण रात्र नाही. लग्नानंतर गावी गेलो तर तिथे घर माणसांनी भरलेलं. देवदर्शनाला गेलो तर सोबत नणंद. लॉजवर जाऊ म्हटलं तर याला लाज, म्हणे लोक काय म्हणतील. अरे, लग्नाची बायको आहे तुझी, लोक काय डोंबल म्हणणार! पण नाही म्हणजे नाही.

मग याने एक जुनी गाडी घेतली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला. गाडी घेऊन कुठेतरी रानात जायचं, तंबू ठोकायचा, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. मी पण त्याच्या खांद्यावरून बघायला लागले. एका व्हिडिओत मोकळं माळरान, एक गाडी, एक तंबू, चहा उकळतोय आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. माझ्या अंगावर काटाच आला. सोनं नको, पैठणी नको, मला ती एक रात्र हवी होती. आणि गंमत म्हणजे तंबूची याला लाज वाटत नव्हती. लॉज म्हणजे भानगड आणि तंबू म्हणजे छंद, असा काहीतरी याचा हिशोब. मी म्हटलं, असू दे, छंद तर छंद.

खरेदीत मात्र आम्ही दोघंही चेकाळलो. याला सगळंच हवं. घडीचं टेबल हवं, झाडाला बांधायची झोळी हवी, कॉफी गाळायचं कसलंसं यंत्र हवं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचे, डिकीत बसेल का? टेबल बसेना, टेबल बाद. झोळी बाद. कॉफीचं यंत्र तर हातातून काढूनच घेतलं, आपण चहाची माणसं. पण त्या छोट्या शेगडीने मला वेड लावलं. चार पाय मुडपले की तळहातावर मावते, खाली गॅसचा छोटा डबा लावायचा, खटका दाबायचा आणि निळी ज्योत. मी दुकानात ती पाच-सहा वेळा उघडून मिटवली. खाली अंथरायला फोमची चटई घ्यायची की हवा भरायची गादी, यावर वाद झाला तेव्हा मी सरळ चपला काढल्या आणि दुकानातच दोन्हींवर आडवी होऊन बघितली. हवेच्या गादीवर कूस बदलली की ती चर्रचर्र वाजते. असली वाजणारी गादी आम्हाला जन्मात चालणार नव्हती. फोमच्या दोन चटया घेतल्या, एक चार्जिंगचा दिवा घेतला. तंबूखाली घालायला ताडपत्री चाळीच्या गणपती मंडळाच्या गोदामातली मागून आणली. डबे घरचे, मसाला लालबागचा.

आमच्या गल्लीत गाडी घेणं सोपं, हलवणं कठीण. काढली की जागा गेलीच म्हणून समजा. त्यामुळे गाडी महिनोन् महिने कव्हर घालून एका जागी उभी असते, दर रविवारी नवरा तिला पुसतो आणि परत झाकतो. तर आम्ही शेजाऱ्याला पटवलं की दोन दिवस तो आपल्या दोन स्कूटर आडव्या लावून जागा राखेल. सगळं जुळून आलं. मुलगी म्हणाली, "मला क्लास आहे, तुम्ही जा बिनधास्त." याला ऑफिसात शनिवारची रजा मिळाली. मी तर आतून नुसती नाचत होते.

आणि मग घोडचूक केली. सगळे व्हिडिओवाले सांगतात, तंबू आधी घरी उभा करून बघा. त्यांना सांगायला काय जातंय! आमच्या खोलीत तंबू उभा करायचा तर आठही माणसं बाहेर काढावी लागतील. म्हणून आम्ही रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात गेलो. पिशवीची चेन उघडल्याबरोबर मंडळाचे कार्यकर्ते हजर. दरवर्षी गणपतीचा मांडव घालणारी माणसं ती, तंबू बघून त्यांचे हात शिवशिवणारच. "वहिनी, तुम्ही जरा सरका." क्षणात बांबू आले, सुतळी आली. तंबूच्या दांड्या वाकायला असतात, यांनी चारही टोकं गॅलरीच्या कठड्यांना ताणून बांधली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! पार खाटल्यासारखा तंबू हवेत तरंगायला लागला. तो सोडवून नीट उभा करेपर्यंत चारही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले होते, आणि उभा राहिल्यावर आत जाऊन बघायला रांग लागली.

शेवटी सासूबाई आल्या. त्या मालवणकडच्या, साठ वर्षं मुंबईत काढली तरी बोलणं गावचंच. चपला बाहेर काढल्या, आत जाऊन आडव्या झाल्या, विती टाकून तंबू मोजला आणि डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "हेच्यात पाच जणां निजतली. तीन उभी, दोन पायाशी आडवी." सगळे हसले. मग त्या म्हणाल्या, "मी पण येतलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन माणसांचा तंबू घेतला तो कशासाठी? तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "आई जातायत तर मी आणि मुलं पण येतो, मागच्या सीटवर मावू सगळे." पोरं उड्या मारायला लागली. सासूबाईंनी त्यांना झटकलंच. "गाडीत जागा खंय? माझा बोचका आसा."

आणि खरंच त्यांनी बोचकं बांधलं. हे एवढं मोठं! त्या संध्याकाळी मी भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. नवऱ्याला गॅलरीत गाठलं. "तुझ्या आईला नाही म्हणून सांग."

"आईला नाही कसं म्हणू गं?"

"मग तुम्ही मायलेक जा. मी बसते इथे पोहे निवडत."

त्याने कठड्यावरचा टॉवेल उगाच झटकून परत वाळत घातला. त्याचा चेहरा बघून मला आणखीनच चीड आली, कारण वाईट त्यालाही वाटत होतं. मी तंबू परत करायला निघाले होते, पण ती शेगडी हातात घेतली आणि माझाच पाय निघेना. म्हटलं, जाऊ दे. रात्र नाही तर नाही, निदान रानातला चहा तरी पिऊ.

जानेवारीतल्या शनिवारी आम्ही निघालो. मागच्या सीटवर एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला बोचकं, मध्ये त्यांचे लांब केलेले पाय. मी ठरवलं होतं की तोंड फुगवून बसायचं. पण घाट लागला, खिडकीतून गार वारा आला, नवरा गाणं गुणगुणायला लागला आणि माझा राग कुठल्या वळणावर उतरून गेला, मलाच कळलं नाही. मावळात धरणाच्या पाण्यालगत एका शेतकऱ्याचं माळरान आहे, तिथे तंबू लावू देतात. गाडी थांबली आणि मी दार उघडून धावतच सुटले. काय ती जागा! समोर पाणी, मागे डोंगर, मधे पिवळं गवत, आणि आमच्याशिवाय कुणी नाही. मी वयाची चाळिशी ओलांडलेली बाई त्या गवतात गोल गोल फिरले.

मग कामाला लागलो. ताडपत्री अंथरली, तिच्यावर तंबू. दार पहिल्यांदा वाऱ्याच्या तोंडावर आलं, तंबू फुग्यासारखा फुगला आणि नवऱ्याला घेऊन घसरायला लागला. "अरे, सोड! नाही, धर, धर!" मी ओरडतेय, सासूबाई गाडीत बसून टाळ्या वाजवतायत. पुन्हा फिरवून लावला. खुंट्या दगडाने ठोकल्या, तिरक्या, टोक तंबूच्या दिशेने, म्हणजे दोरी ताणली तरी उपटत नाहीत. मग शेगडी मांडली, पाण्याचा कॅन ठेवला, डबे ओळीने लावले, दिवा अडकवला. कंबरेवर हात ठेवून बघितलं. झकास!

शेतकऱ्याची बायको कळशी घेऊन चालली होती. ती थांबली, बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, एवढं रान मोकळं पडलंय, आन् तुम्ही असं एकाला एक चिकटून का बसलाय?"

मी वळून बघितलं. तंबू गाडीला खेटून, तंबूला खेटून शेगडी, शेगडीशेजारी पाणी, चपला दाराशी ओळीने. एवढ्या माळरानात आम्ही तिघांनी मिळून बरोब्बर आमची खोली मांडली होती. फक्त पोटमाळा तेवढा राहिला होता. नवरा आणि मी एकमेकांकडे बघून असे हसत सुटलो की तो खालीच बसला. सासूबाई तर पदराने डोळे पुसत होत्या. हसू आवरल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "गाडी तकडे ने. त्या आंब्याखाली." तो म्हणाला, "एवढ्या लांब? रात्री काही लागलं तर?" त्या म्हणाल्या, "ने म्हटलंय ना."

उन्हं उतरली तशी मी पिठलं टाकलं, त्यांनी तीन दगड मांडून काटक्या पेटवल्या आणि घरून आणलेले सुके बोंबील निखाऱ्यावर भाजले. वास असा सुटला की कळशीवाली बाई पुन्हा येऊन वाटा घेऊन गेली. नवरा पाण्याशी हात धुवायला गेला होता. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी गाडीत निजतलंय. सीट पाडून दी म्हणान सांग तेका."

मी म्हटलं, "गाडीत कशाला आई, तंबूत या. तुम्हीच तर म्हणालात, पाच जण मावतात."

"गप रव." त्यांनी बोंबील उलटला. "मागची सीट रिकामी दिसली असती तर ती तिघां बसली असती त्याच्यावर. मग खंय गेली असती तुझी रात? मोठ्या सुनेक नको म्हणूक जमता तुका? नाय ना? मग माका जागा अडवूकच होई होती."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ज्या बाईच्या नावाने मी भांडी आपटली होती, ती बाई माझ्यासाठी सीट अडवून आली होती. मी म्हटलं, "आई, थंडी वाजेल हो तुम्हाला." त्यांनी बोचकं पुढे ओढून गाठ सोडली. आत दोन वाकळा, उशी, कानटोपी आणि पाण्याची बाटली. गाडीत झोपायचीच तयारी, घरूनच बांधून आणलेली.

"तुझ्या सासऱ्यांक आणि माका कोणी सीट अडवून ठेवूक नाय," एवढंच त्या म्हणाल्या. जेवल्यावर कानटोपी घातली, काठी टेकत आंब्याकडे गेल्या, आणि गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं. नवरा घाबरून विचारायला लागला काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "तुझी आई ना, फार वाईट बाई आहे," आणि रडता रडता हसायला लागले.

आकाशात अजून थोडा उजेड होता तेव्हाच आम्ही तंबूत शिरलो. चेन लावली. दोन चटया, एक गोधडी, आम्ही दोघं. माझं काळीज लग्नाच्या दिवशी धडधडलं नव्हतं एवढं धडधडत होतं. मग तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "थंडी वाजतेय का?"

मीही कुजबुजले, "नाही."

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. "अरे, आपण हळू का बोलतोय?"

त्याने अंधारात विचार केला. "कोण उठेल म्हणून."

"कोण उठणार आहे इथे?"

कुणीच नव्हतं. पाणी होतं, डोंगर होता, लांब आंब्याखाली वाकळा ओढून झोपलेली एक म्हातारी होती आणि तिला ऐकू गेलं तरी चालणार होतं. अठरा वर्षांत या माणसाने माझ्याशी रात्री बोललेला एकही शब्द मी पूर्ण आवाजात ऐकला नव्हता. मी म्हटलं, "पुन्हा विचार. मोठ्याने."

त्याने मंडळाच्या सभेत माइक हातात घेतल्यासारखा घसा खाकरला. "थंडी वाजतेय का गं तुला?"

"हो!" मी सगळ्या मावळाला ऐकू जाईल अशी ओरडले. "वाजतेय! सरक इकडे!"